तारा नसलेलं विमान

“फोटो खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, आत्या. ते लोक म्हणतायत.”

“आणि तू ते घरी आणून मला वाचून दाखवतोयस. अरे, पोस्टमनसुद्धा पत्र टाकून निघून जातो. दारात उभा राहून वाचत बसत नाही.”

एव्हाना चहा पार निवला होता. भांडण आठ वाजता सुरू झालं होतं आणि आता साडेनऊ झाले होते. मधल्या वेळात यांनी दाढी केली, आत्यांनी औषधं घेतली, मी दोनदा दूध तापवलं. भांडण मात्र जागचं हललं नव्हतं. हे फोन हातात धरून येरझारा घालत होते आणि आत्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्या ताठ बसल्या की समजावं, माणूस हरणार. तो माणूस बहुतेक वेळा माझा नवराच असतो.

आत्या म्हणजे यांच्या वडिलांची बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. लग्न केलं नाही, म्हणजे एकदा ठरत आलं होतं, पण मुलाकडून नकार आला. पुढे वर्षभराने त्याच मुलाचा लग्नातला फोटो रिटचिंगला आमच्या दुकानात, म्हणजे आत्यांच्याच टेबलावर आला. त्या सांगतात, “मी त्याच्या डोळ्याखालची वर्तुळं काढली, दातांमधली फट बुजवली, बायकोच्या गालावरचे देवीचे वण एकूण एक काढले. नाकावरचा मस तेवढा ठेवला. ओळख पटायला नको?”

दुकान अप्पांचं, म्हणजे आत्यांच्या वडिलांचं. काचेच्या प्लेटवर फोटो काढायचे ते दिवस. त्या प्लेटवर सगळं उलटं दिसतं: आकाश काळं, केस पांढरे, आणि चेहऱ्यावरचा डाग म्हणजे काचेतला पारदर्शक ठिपका. तो ठिपका अणकुचीदार पेन्सिलीने भरला की कागदावर डाग गायब. आत्यांनी चाळीस वर्षं हेच केलं, आधी काचेवर, पुढे फिल्मवर. उत्तरेच्या खिडकीपाशी उतरतं टेबल, त्यात मधोमध चौकोनी भोक, भोकाखाली आरसा, त्यातून वर येणारा उजेड आणि डोळ्याला भिंग. पेन्सिली त्या पॉलिश पेपरवर घासून सुईसारख्या करायच्या. अर्ध्या गावाचे मुरूम आपण काढले असं त्या म्हणतात. आता ते सगळे म्हातारे झाले, पण फोटोत अजून गुळगुळीत आहेत.

त्या डावखुऱ्या. शाळेत त्यांच्या डाव्या हातावर पट्ट्या बसल्या, पण अप्पांनी टेबल बनवून घेताना पेन्सिलींची खाच मुद्दाम डावीकडे करायला सांगितला. ते टेबल मिळाल्याची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा झाली आहे की आमची लेक ती आत्यांच्या आधी म्हणते.

गोष्ट अशी. आत्या तेरा वर्षांच्या होत्या. दुकानाला पंचवीस वर्षं होणार होती, आणि अप्पांना आपला विमानाचा फोटो मोठा करून काचेच्या कपाटात लावायचा होता. तेवढ्यात एका लग्नाच्या कामासाठी त्यांना चार दिवस परगावी जावं लागलं. आत्यांनी ती जुनी प्लेट काढून पाहिली तर तिच्यावर ओरखडेच ओरखडे. म्हणून त्यांनी कुणाला न विचारता शाळा बुडवून चार दिवस अप्पांच्या टेबलाशी बसून ते भरले. चौदा ओरखडे. अप्पा आले, डार्करूममध्ये गेले, तांबड्या उजेडात कागदावर चित्र उमटताना बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “एकही राहिला नाही. हात बसला तुझा.” दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावणं गेलं.

तो फोटो आमच्या घरातल्या बोळात लावलेला आहे. पादत्राणांच्या रॅकच्या वर, कारण तेवढीच भिंत रिकामी होती. शंभरेक वर्षांपूर्वीचा. शेतात एक विमान नाक खुपसून, शेपटी वर करून पडलंय. दोन्ही बाजूंना एकेकच पंख. उजवा शाबूत, डावा कोपरातून मोडलेल्या हातासारखा. बाजूला एका खोक्यावर वैमानिक बसलाय, पाय पुढे ताणून. अप्पा तेव्हा एकोणीस वर्षांचे, दुसऱ्याच्या दुकानात कामाला. एका शाळेच्या वर्गाचा फोटो काढून सायकलवरून परतताना डोक्यावरून घरघर गेली आणि थांबली. त्यांच्याकडे एकच कोरी प्लेट उरली होती. ते सांगायचे, “वैमानिकाने आधी टोपी शोधली, डोक्यावर घातली, मग पाय मोडलाय का ते बघितलं.”

यांनी हौसेने फोटोचा फोटो काढून कुठल्याशा जुन्या विमानांच्या ग्रुपवर टाकला, त्याला कारण वाचनालयाचं. वाचनालयात जुन्या फोटोंचं प्रदर्शन आहे आणि ग्रंथपालबाईंना अप्पांचं विमान अगदी दारासमोर लावायचं होतं. फक्त खाली दोन ओळी हव्या होत्या, विमान कुठलं ते. ग्रुपवाले तीन आठवडे भांडले. कुणी एक नाव सांगायचं, दुसरा शेपटी दाखवून ते खोडायचा. शेवटी एका शहाण्याने लिहिलं: त्या काळातले पंख कापडी आणि पातळ, वरून-खालून तारांनी ताणून बांधल्याशिवाय ते उभेच राहत नसत. या फोटोत एकही तार नाही. असं विमान उडू शकत नाही, आणि उडू शकत नाही ते पडेल कसं? तेव्हाच्या स्टुडिओंमध्ये गिऱ्हाइकांना बसवायला फळ्यांची रंगवलेली विमानं असत, त्यातलंच एक शेतात नेऊन टाकलेलं दिसतं. फोटोग्राफरची लबाडी.

याला बासष्ट जणांनी अंगठा वर करून दुजोरा दिला. ग्रंथपालबाईंनीही ते वाचलं. त्यांनी फार सभ्यपणे फोन केला की शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही तर फोटो ‘गमतीजमती’ विभागात लावू. त्या विभागात स्वतःचं डोकं काखेत धरून उभा असलेला एक माणूस आहे.

“माझा बाप त्या मुंडकेवाल्याशेजारी जाणार नाही,” आत्या म्हणाल्या.

“मग काय करू? फोटो देत नाही म्हणून सांगू?”

“म्हणजे खोटा होता म्हणून दिला नाही असं म्हणतील.”

“अप्पांना कुणी विचारलं नाही का कधी, तारा कुठेत म्हणून?”

विचारलं होतं. घरातला तो ठरलेला विनोद आहे. कपाटातला फोटो बघून एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, हे तारांशिवाय वर राहिलं कसं हो? अप्पा म्हणाले होते, “नाही राहिलं. म्हणून तर खाली आलं.”

या वेळी कुणी हसलं नाही.

बुधवारी ड्राफ्ट्समन आले. हे गृहस्थ त्याच ग्रुपवरचे. तीन आठवडे यांच्याशी रोज लिहून बोलत होते, आणि एक दिवस कळलं की राहतात आमच्या मागच्या गल्लीत. काखेत कळसा म्हणतात तो असा. पस्तीस वर्षं पुलांचे नकाशे काढून निवृत्त झालेले, खिशाला तीन पेनं, चहात साखर किती असं विचारलं तर “सपाट दीड” म्हणणारे. बूट काढता काढता त्यांचं लक्ष भिंतीवर गेलं आणि एक बूट हातात घेऊनच ते फोटोसमोर उभे राहिले.

“हे खेळणं नाही,” ते म्हणाले. “चाकाचा दांडा बघा कसा वाकलाय. लाकडाची फळी अशी वाकत नाही, मोडते. पण तारा नाहीत हेही खरंच. मूळ काच आहे का हो?”

“माझ्या पलंगाखाली,” आत्या म्हणाल्या.

त्या पलंगाखालच्या पेटीवरून माझं आणि आत्यांचं दहा वर्षं बिनसलेलं आहे. केरसुणी तिथे अडते. दुकान बंद झालं तेव्हा टेबल कुणीतरी नेलं, कॅमेरे गेले, पेटी मात्र आत्यांबरोबर आमच्या घरी आली. मी आणि यांनी ती ओढून बाहेर काढली. आत्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. प्लेटा खाचांमध्ये उभ्या होत्या, प्रत्येक काळ्या कागदात गुंडाळलेली. त्यांनी न वाचता बोटांनी मोजून सातवी काढली.

खिडकीपाशी जाऊन त्यांनी काच दोन्ही हातांच्या तळव्यांमध्ये कडांवर धरली. काळं आकाश, पांढरट विमान. ड्राफ्ट्समन मागून वाकून बघत होते. “इथेही नाहीत,” ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे पडले.

आत्यांनी माझ्याकडून भिंग मागितलं. डोळ्याला लावलं. मग त्यांनी काच हळूहळू तिरकी केली, ताट धुऊन झाल्यावर निथळायला धरतात तशी. उजेड एका बाजूने सरकत गेला आणि काळ्या आकाशात एक बारीक चकाकती रेघ दिसली. गोगलगाय गेल्यावर मागे राहते तशी. मग दुसरी.

आत्यांनी काच सरळ केली, रेघा गेल्या. पुन्हा तिरकी केली, रेघा आल्या. असं त्यांनी तीन-चार वेळा केलं.

“पेन्सिल आहे ती,” त्या म्हणाल्या. “ट्रेसिंग पेपर आहे कुणाकडे?”

ड्राफ्ट्समनच्या पिशवीत होताच. जेवणाच्या टेबलावर मी स्वच्छ चादर पसरली. त्या खिडकीशी जाऊन बघायच्या, परत येऊन डाव्या हाताने एक रेघ मारायच्या, पुन्हा जायच्या. एवढ्या वेळात माझी भाजी करपली, पण मी जागची हलले नाही. लेक कॉलेजातून आली तीही दप्तर न काढता दारातच उभी राहिली. आत्यांचा हात एरवी कप धरताना थरथरतो. पेन्सिल धरताना थरथरला नाही.

अखेर कागदावर एक जाळं तयार झालं. शाबूत पंखावर सात सरळ रेघा, चार वरून, तीन खालून. मोडक्या पंखापाशी चार वेड्यावाकड्या, सुटलेल्या केसांसारख्या. आणि मधोमध, विमानात वैमानिक बसतो त्याच्या वर, तीन रेघा टोकाला एकत्र आलेल्या.

ड्राफ्ट्समननी खुर्ची ओढली आणि बसले. “तिपाई,” ते म्हणाले. “पुढे दोन पाय, मागे एक. वरच्या तारा बांधायचा हा खांब, बाकी सगळ्या विमानांचा दोनपायी किंवा चारपायी. तिपाई एकाच कारखान्याची, बाई. फार थोडी बांधली त्यांनी, मग कारखाना बुडाला. मी तिचा नकाशा पाहिलाय, फोटो कधीच नाही.” त्यांनी विमानाचं नाव सांगितलं. ते शिंक आल्यासारखं होतं, आणि मी ते बरोबर लिहू शकेन असं मला वाटत नाही. त्यांनी पेनाच्या टोकाने मोजलं. “अकरा तारा. आणि तिपाईचे तीन पाय.”

“चौदा,” आत्या म्हणाल्या.

चौदा हा आकडा आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ होता. लेकीने लहानपणी धरायची तसा माझा हात धरला.

“काचेवर ओरखडा आणि तार सारखेच दिसतात,” आत्या ड्राफ्ट्समनना समजावून सांगायला लागल्या, जणू चूक त्यांच्या एखाद्या पुलाच्या नकाशात झाली होती. “दोन्ही पारदर्शक. बारीक. मी विमान कुठे पाहिलं होतं? मला वाटलं, अप्पांनी प्लेट नीट ठेवली नाही.”

“पण तुम्हीच कशावरून?” त्यांनी विचारलं. “वडिलांनीही भरल्या असतील.”

“भिंगातून बघा. पेन्सिलीचे फटकारे डावीकडे कललेले आहेत. अप्पांचे उजवीकडे कलायचे.”

मग यांनी तोंड उघडलं. यांचा स्वभाव असा की घरात काहीही फुटलं तरी आधी ते कुणाला कळू नये हे बघायचं. यांनी सुचवलं की ग्रंथपालबाईंना सांगताना दुकानातल्या एखाद्या कामगाराने तारा पुसल्या असं सांगावं. अप्पाही सुटतील, आत्याही.

“दुकानात कामगार नव्हता,” आत्या म्हणाल्या. “मी होते.”

ड्राफ्ट्समननी त्याच संध्याकाळी सगळं ग्रुपवर लिहिलं, ट्रेसिंगही जोडलं. उत्तर तासाभरात आलं, त्याच शहाण्याकडून. म्हातारीने नातलगांच्या सांगण्यावरून रेघा ओढल्या असतील. कागदावरची पेन्सिल पुरावा होत नाही. तिरक्या उजेडात काचेचा फोटो काढायचा प्रयत्न यांनी गुरुवारी सकाळभर केला. फोनमध्ये कधी खिडकी यायची, कधी यांचं टक्कल. रेघा एकदा आल्या, त्याही दोनच.

एक उपाय होता, आणि तो आत्यांना आमच्या आधी ठाऊक होता. पेन्सिल काचेवर थेट बसत नाही. आधी राळेचा पातळ हात द्यावा लागतो, त्यावर ती धरते. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला की राळ निघते, पेन्सिल निघते, खाली मूळ प्लेट जशी होती तशी. पण प्लेट शंभर वर्षांची. एका कोपऱ्यात तिचा थर आधीच सुटून कागदासारखा वर आला होता. कापूस चुकीचा लागला तर तारांबरोबर आकाशही निघून येईल, विमानासकट. दुसरी प्लेट नाही. बोळातल्या फोटोवर तारा नाहीत. आधीच्या कुठल्या प्रती अप्पांनी दिल्या असतील त्या आता कुणाच्या माळ्यावर असतील ते माहीत नाही.

हे म्हणाले, धुवायचं नाही, काच घरातली आहे, ती तरी राहू दे. ड्राफ्ट्समन म्हणाले, मी बाहेरचा, मी काय बोलू, आणि मग बराच वेळ बोलले. मी भाजी निवडत होते.

दुपारी आत्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले तर त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पेटी अजून बाहेरच होती. मी बसले. त्यांनी कप घेतला नाही.

“दोन मिनिटांचं काम आहे ते,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, धुण्याबद्दल बोलतायत. पण त्या अप्पांबद्दल बोलत होत्या.

“तेव्हा प्लेट चांगली होती. थर घट्ट होता. टर्पेंटाइनची बाटली हाताशी. मी झोपले असते, शाळेत गेले असते, त्यांनी कापूस फिरवला असता, पुन्हा प्रत काढली असती. मला कळलंसुद्धा नसतं. त्यांनी तारा पाहिल्या होत्या ना ग. पडलेल्या विमानाशी स्वतः उभे होते ते. त्या चित्रात तारा नाहीत हे त्यांना पहिल्या क्षणाला दिसलं.” त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. “बत्तीस वर्षं जगले त्यानंतर. बत्तीस वर्षं तो फोटो कपाटात. आणि लोक विचारायचे तेव्हा विनोद करायचे.”

मी म्हटलं, “हात बसला म्हणाले होते.”

“हात बसलाच होता,” त्या जरा चिडून म्हणाल्या. “तेरा वर्षांच्या पोरीने आकाशात चौदा रेघा भरल्या आणि बासष्ट जणांना भिंग लावून दिसल्या नाहीत. त्याच्याइतकं चांगलं काम मी नंतर कधी केलं नाही.”

मग त्यांनी चहा घेतला. बिस्किट मागितलं. मी उठले तेव्हा त्या पेटीत काहीतरी शोधत होत्या. दारातून वळून पाहिलं तर त्यांच्या हातात एक बुटकी पेन्सिल होती, दोन बोटांएवढी, टोक अजून सुईसारखं.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. ड्राफ्ट्समनही होते, कारण त्यांना उठून जावं असं वाटत नव्हतं आणि मलाही ताट वाढल्यावाचून राहवत नव्हतं. हे सांगत होते की ग्रंथपालबाईंशी बोलणं झालंय, त्या ‘गमतीजमती’त न लावता ‘इतर’मध्ये लावायला तयार आहेत. ‘इतर’ वाईट नाही. ‘इतर’मध्ये एक जुना पूल पण आहे. ड्राफ्ट्समननी पुलाचं नाव ऐकून मान वर केली.

आत्यांनी भात संपवला. पाणी प्यायल्या. ताट जरा पुढे सरकवलं.

“उद्या सकाळी दहा वाजता मी प्लेट धुणार आहे,” त्या म्हणाल्या. “दहाला त्या खिडकीत उजेड बरा असतो. काच राहिली तर ड्राफ्ट्समन तिची प्रत काढून घेऊन जातील आणि खाली विमानाचं नाव लिहितील, आणि त्याच्याखाली लिहितील की तारा फोटोग्राफरच्या मुलीने ओरखडे समजून पुसल्या होत्या आणि हे कळूनही त्याने ते तसंच राहू दिलं. नाही राहिली तरी तेवढं लिहायचंच. सूनबाई, मला औषधाचा कापूस लागेल, उशीचा नको. आणि दहा ते अकरा घरात कुणी पंखा लावायचा नाही.”